थिबा राजाला पकडलं कशासाठी?

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, त्या आठवड्यात आमच्या वाचनगटात ठरलेल्या पुस्तकावर बोलणं झालंच नाही. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा रत्नागिरीत कुणाच्या तरी पडवीत जमतो. त्यात एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना नाव आहे, पण सगळे सुभेदारच म्हणतात. ते म्हणाले, "शेजारच्या घरात आपला वैरी बिऱ्हाड करायला निघाला तर कोण गप्प बसेल? नाटो दाराशी आली, रशियाने दार लावून घेतलं. एवढंच आहे ते."

गटातल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "सुभेदार, दार लावायचं तर आपलं लावतात. शेजाऱ्याचं फोडत नाहीत."

मग दोन तास तेच. एक बाजू म्हणत होती की सुरक्षा हे खरं कारण आहे, दुसरी म्हणत होती की सुरक्षा हे निमित्त आहे आणि खरं कारण जमीन, गहू, गॅस, पुतिन यांचा अहंकार, काहीही. कुणीच कुणाला हलवू शकलं नाही. घरी परतताना माझ्या मनात आलं, की आपण कीव्ह आणि मॉस्कोपर्यंत गेलो खरे, पण या वादातला एक आख्खा साक्षीदार आपल्या गावात तीस वर्षं राहून, इथेच मेला. बर्माचा राजा थिबा. पुढच्या महिन्यासाठी मी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी सुचवली. मी ती वीसेक वर्षांपूर्वी, नवी असताना वाचली होती. बहुतेक रत्नागिरीकरांसारखी, म्हणजे आपलं गाव कुठे येतं ते शोधत. या वेळी एकच प्रश्न घेऊन वाचली: इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेवर चाल का केली, याचं ही कादंबरी काय उत्तर देते?

उत्तर ती लगेच देते, अगदी सुरुवातीलाच. मंडालेच्या एका साध्या खानावळीत अकरा वर्षांचा, नुकताच आलेला पोरका हिंदी मुलगा राजकुमार तोफांचा आवाज ऐकतो. लढाई कशासाठी, याचं उत्तर त्याला साया जॉनचा मुलगा मॅथ्यू याच्याकडून मिळतं: सागवानासाठी. इंग्रजांना लाकूड हवंय, राजा देत नाही, म्हणून राजाला हटवायचं. लाकडासाठी कोणी लढाई करतं हे राजकुमारला पटत नाही. वाचकाला मात्र पटतं, कारण घोष पुढे शेकडो पानं आपल्याला त्याच सागवानाच्या जंगलांतून फिरवतात. हत्ती, ओंडके, पावसाळ्यात फुगलेले ओढे, ऊजी, कंत्राटदार. हा भाग कादंबरीतला सर्वांत जिवंत भाग आहे. एवढा श्रीमंत पुरावा समोर असताना उत्तरावर शंका घ्यावीशी वाटत नाही. मला पहिल्या वेळी वाटली नव्हती.

आणि ते उत्तर चुकीचं नाहीच. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत वॉलेस बंधूंनी उभी केली. आजही ती मुंबई शेअर बाजारात आहे. उत्तर बर्मातल्या राजाच्या जंगलांत तिचे तोडीचे करार होते. १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने तिच्यावर आरोप ठेवला, की जितके ओंडके दाखवले त्याच्या दुपटीहून जास्त बाहेर नेले आणि राजाचा हिस्सा बुडवला. दंड बसला सुमारे २३ लाख रुपयांचा. कंपनीने कलकत्ता आणि लंडनकडे धाव घेतली, रंगूनच्या व्यापाऱ्यांनी बर्मा खालसा करा म्हणून आधीपासूनच धोशा लावला होता. २२ ऑक्टोबरला व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचा निर्वाणीचा खलिता निघाला, १० नोव्हेंबरची मुदत होती, २८ नोव्हेंबरला मंडाले पडलं, २९ ला राजा-राणीला बोटीवर चढवलं. १ जानेवारी १८८६ ला एका छोट्या जाहीरनाम्याने उत्तर बर्मा राणीच्या मुलखात जमा झाला. दंडाचा विषय संपला, तोड चालू राहिली.

गटात मी हे सांगितलं तेव्हा सुभेदार राजकुमारसारखेच म्हणाले, "लाकडासाठी? दहा हजार माणसं आणि तोफा घेऊन लाकडासाठी?" मग थोडं थांबून, "आणि फ्रेंचांचं काय?"

हा प्रश्न योग्य होता, आणि माझी तक्रार अशी की कादंबरी तो नीट विचारतच नाही. फ्रेंचांचं प्रकरण काही हवेतलं नव्हतं. डफरिनच्या खुर्चीत बसून पाहू. १८८३ पासून फ्रान्स टोंकिनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये लढत होता आणि बर्माच्या पूर्व सीमेकडे सरकत होता. जानेवारी १८८५ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स-बर्मा करार झाला. वरवर व्यापारी करार, पण त्यासोबत पंतप्रधान ज्यूल फेरी यांचं एक गुप्त पत्र होतं: टोंकिनमध्ये शांतता झाली की त्या वाटेने शस्त्रं पाठवण्याबद्दलचं. त्याच वर्षी आस नावाचा फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला आणि बँक, रेल्वे अशा मोठमोठ्या योजना बोलू लागला. शिवाय मार्चमध्ये पंजदेह इथे रशियन फौजांनी अफगाणांना मारून काढलं होतं आणि इंग्लंड-रशिया युद्ध होतं की काय अशी अवस्था होती. सत्तावन्नच्या उठावाला तीसही वर्षं झाली नव्हती. वायव्येला रशियन, ईशान्येला फ्रेंच. अशा वेळी कलकत्त्याच्या माणसाला रात्री झोप न येणं मला खोटं वाटत नाही. डफरिन भीतीचं सोंग करत होता असं मी म्हणणार नाही. त्या वर्षभरातली त्याची सगळी भाषा फ्रेंचांभोवतीच फिरते.

मग सुभेदार जिंकले का? नाही. कारण "भीती खरी होती" आणि "भीतीमुळे चाल केली" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं तपासायचं असेल तर भीती कमी-जास्त झाली तेव्हा पावलं कमी-जास्त झाली का, हे पाहावं लागतं. इथे इतिहास फार उपयोगी पडतो, कारण त्याने हा प्रयोग जवळजवळ करून ठेवला आहे.

पहिली गोष्ट अशी की धोका चाल करण्याआधीच ओसरला होता. मार्चच्या शेवटी टोंकिनमधल्या पराभवाच्या बातमीने फेरीचं सरकार पडलं. पॅरिसला आता दूरदेशीच्या मोहिमांचा उबग आला होता. लंडनने विचारणा केल्यावर फ्रेंच सरकारने गुप्त पत्राची जबाबदारी झटकली. आसच्या योजना त्याच्या स्वतःच्या ठरल्या आणि लढाईला तोंड फुटण्याआधी त्याला परत बोलावलं गेलं. शेजारच्या घरात बिऱ्हाड करायला आलेला वैरी आपलं सामान उचलून गेला होता. त्याच्यानंतर दार फोडलं गेलं.

दुसरी गोष्ट, ज्याने धोक्याची खबर दिली तो माणूस. मंडालेत आंद्रेइनो नावाचा एक इटालियन वकील होता. फ्रेंचांच्या हालचालींची आणि त्या गुप्त पत्राची माहिती इंग्रजांपर्यंत पोचली ती प्रामुख्याने त्याच्यामार्फत. आणि हा आंद्रेइनो मंडालेत बॉम्बे बर्मा कंपनीचाही एजंट होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आम्ही पडवीत दोन तास "सुरक्षा की सागवान" म्हणून भांडत होतो, आणि इथे सुरक्षेची खबर सागवानाच्या माणसाच्या खिशातून येत होती. पत्र बनावट नव्हतं. पण सरकारने कशाला घाबरायचं, कधी घाबरायचं, याची निवड अशा माणसाच्या हातात होती ज्याच्या मालकांवर २३ लाखांचा दंड बसला होता. भीती खरी, पण ती कुणीतरी आणून दिलेली. अशा भीतीला खरं-खोटं या दोन खणांत बसवता येत नाही.

तिसरी गोष्ट खलित्याच्या कलमांत आहे. त्यात कंपनीवरची कारवाई थांबवा आणि आमचा वकील ठेवून घ्या हे होतंच. शिवाय परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवा, अफगाणिस्तानच्या अमिराप्रमाणे, आणि चीनशी व्यापाराला वाट करून द्या. यातलं परराष्ट्र व्यवहाराचं कलम सुरक्षेचं म्हणता येईल. चीनची बाजारपेठ कुठल्या सुरक्षेत बसते? मँचेस्टरच्या कापडाला युनानमध्ये गिऱ्हाईक न मिळाल्याने कलकत्त्याला कोणता धोका होता? बर्मी दरबाराने दिलेलं उत्तर सरसकट नकाराचं नव्हतं: वकील येऊ द्या, कंपनीने अर्ज करावा, राजा विचार करेल, पण स्वतंत्र राज्याचे परराष्ट्र संबंध ते राज्यच ठरवतं. आज वाचताना ते बऱ्यापैकी समंजस वाटतं. फौज तोवर निघायच्या तयारीत होती.

आणि चौथी, जी मला सर्वांत निर्णायक वाटते, ती सयामची. १८९३ च्या जुलैमध्ये फ्रेंच युद्धनौका नदीच्या मुखावरचा मारा झेलत थेट बँकॉकसमोर येऊन उभ्या राहिल्या. हा कागदावरचा धोका नव्हता, तोफा लावलेला धोका होता. सयामला मेकाँगच्या डाव्या तीरावरचा सगळा मुलूख सोडावा लागला. सयाम हा आता इंग्रजी बर्माचा सख्खा शेजारी होता. सुभेदारांच्या नियमाप्रमाणे इंग्रजांनी तेव्हा सयाम ताब्यात घ्यायला हवा होता. त्यांनी सयामला नमतं घ्यायला सांगितलं, आणि जानेवारी १८९६ मध्ये फ्रान्सशी समझोता करून सयामचा मधला भाग दोघांनीही हात न लावायचा मुलूख ठरवला. म्हणजे खऱ्या फ्रेंच नौकांना टेबलावर बसून उत्तर देता येत होतं. एका निघून गेलेल्या फ्रेंच वकिलाला मात्र दहा हजार फौज लागली. फरक काय होता? सयामने १८५५ च्या करारानेच आपला व्यापार इंग्रजांना मोकळा करून दिला होता. थिबाच्या राज्यात जंगलं, माणकांच्या खाणी आणि बऱ्याच वस्तूंचा व्यापार राजाच्या मक्त्यात होता.

शिवाय बर्मा गिळल्यामुळे इंग्रजांची हद्द शान प्रदेशातून पार मेकाँगपर्यंत गेली आणि तिथे पलीकडच्या काठावर फ्रेंच उभे राहिले. फ्रेंच शेजारी नकोत म्हणून केलेल्या युद्धाने फ्रेंचांना शेजारी करून ठेवलं. बंड मोडायला पुढे तीस हजारांहून जास्त सैनिक आणि पोलीस बर्मात गुंतले, गावं जाळली गेली. सुरक्षेचा हिशेब कोणी प्रामाणिकपणे मांडला असता तर तो त्याच वर्षी तोट्यात गेला असता.

हे सगळं घोष यांनी कादंबरीत घालायला हवं होतं असं मी म्हणत नाही. कादंबरी म्हणजे खलित्यांचं संकलन नव्हे. माझा आक्षेप वेगळा आहे. आक्रमकाला केवळ लोभी दाखवलं की तो आपल्यापासून लांब जातो. लोभी इंग्रज म्हणजे दुसरं कुणीतरी. सागवान हवं असणारा माणूस मी नाही, म्हणून मी सुटलो. भ्यालेला माणूस मात्र मी आहे, सुभेदार आहेत, रात्री बातम्या बघणारं घरोघरचं कुणीतरी आहे. आक्रमणाला जी साधीसुधी, घरंदाज माणसं मान डोलावतात ती लोभाने नाही, भीतीने डोलावतात. 'ग्लास पॅलेस'मध्ये मंडालेवर चालून येणाऱ्यांच्या बाजूचा असा एकही भ्यालेला, सरळ मनाचा माणूस नाही. त्यामुळे वाचक इंग्रजांचा धिक्कार करतो आणि कोराच्या कोरा बाहेर पडतो.

पण घोष हे मोठे लेखक आहेत, आणि मोठ्या लेखकाची कादंबरी त्याच्या उत्तरापेक्षा जास्त जाणते. सुरक्षेचा प्रश्न कादंबरीच्या दारातून आत घेतला नाही, पण तो मागच्या बाजूने, रत्नागिरीतून आत आला आहे. कलेक्टर बेनी प्रसाद डे या पात्रात. हा बंगाली आयसीएस अधिकारी थिबाच्या कुटुंबावर देखरेख करतो. तो लोभी नाही. त्याला सागवान नको, माणकं नकोत. साम्राज्य म्हणजे शिस्त आणि सुधारणा यावर त्याचा मनापासून विश्वास आहे, आणि या तुटक्या राजघराण्याला नीट बंदोबस्तात ठेवणं हे त्याला कर्तव्य वाटतं. पहिल्या राजकन्येचे तिथल्याच सारथ्याशी संबंध जुळले आणि ती गरोदर राहिली, हे त्याच्या लक्षात येत नाही. सरकारच्या लेखी ती त्याची चूक. त्या चुकीत तो संपतो, नाव घेऊन समुद्रात जातो आणि परत येत नाही. पहिल्या वाचनात मला हा माणूस कंटाळवाणा वाटला होता. उमा आणि डॉली यांच्या मैत्रीच्या मधे कडमडणारा. आता वाटतं, आमच्या वादाचा खरा नायक तोच. एक राजा, दोन राण्या, चार मुली, काही दासी: यांच्यापासून साम्राज्याला धोका आहे असं मानून आयुष्यभर फायली लिहिणारा सज्जन माणूस.

त्या फायली खरोखरच्या कशा होत्या हे सुधा शाह यांच्या 'द किंग इन एक्झाइल' (२०१२) या पुस्तकात दिसतं. आमच्या गटाने ते नंतर घेतलं. युद्धाच्या कारणांवर शाह फार रेंगाळत नाहीत. त्यांचा जीव कुटुंबात आहे, आणि ती मर्यादा नसून पुस्तकाचा कणा आहे. कारण हद्दपारीचा रोजचा पत्रव्यवहार वाचताना सुरक्षा हा शब्द हळूहळू कसा पोकळ होतो ते कळतं. रत्नागिरी निवडली गेली ती आडबाजूला म्हणून. रेल्वे नाही, यायचं तर बोटीने, आणि पावसाळ्यात बंदर बंद. (आमच्याकडे रेल्वे यायला त्यानंतर शंभरेक वर्षं लागली. बंदिवासासाठी जागा निवडणाऱ्याची पारख चांगली होती.) एप्रिल १८८६ मध्ये थिबा इथे आला. पहारा, भेटीगाठींवर बंधनं, पैशांची ओढाताण, दागिने विकणं, आपल्या माणकाची चौकशी करणारी राजाची पत्रं. दहा वर्षं गेली, वीस गेली, फ्रान्स आणि इंग्लंड १९०४ मध्ये मित्र झाले. ज्या शत्रूच्या भीतीने हा माणूस इथे आणला तो शत्रू आता सोबती होता. थिबाचा पहारा उठला नाही. उलट त्याच्यासाठी मोठा वाडा बांधला गेला आणि १९१० मध्ये तो तिथे राहायला गेला. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच शेजारशेजारच्या खंदकांत जर्मनांशी लढत होते. सुपयालात राणीने नवऱ्याचा देह बर्मात न्यायला परवानगी मागितली. ती नाकारली. मेलेला राजाही सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरला. १९१९ मध्ये त्याला इथेच, शिवाजीनगर भागात, ठेवून ती रंगूनला गेली.

शाह यांच्या पुस्तकाबद्दल एक नापसंतीही नोंदवतो. राजघराण्याच्या दुःखाशी त्या इतक्या एकरूप होतात की १८७९ च्या कत्तलीचं, म्हणजे गादीच्या हक्कदार भाऊबंदांना मारलं त्याचं, ओझं हळूहळू उतरत जातं. ते उतरू नये. इंग्रजांनी नेमक्या त्या कत्तलीचा प्रचारात वापर केला हे खरं, पण एखाद्या गुन्ह्याचा वापर झाला म्हणून तो गुन्हा नाहीसा होत नाही. आक्रमण चूक ठरायला आक्रमित राजा भला असण्याची गरज नाही.

थिबावर लिहिणाऱ्या आम्हा मराठी लोकांची एक जुनी सवय आहे, तीही इथे सांगून टाकतो. बहादूरशहा जफर रंगूनला, थिबा रत्नागिरीला. किंवा: रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेला, मंडालेचा राजा रत्नागिरीला. त्यात आणखी बारीक योग म्हणजे थिबा नव्या वाड्यात गेला त्याच १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात, थिबाच्याच जुन्या राजवाड्याच्या तटाच्या आत, 'गीतारहस्य' लिहीत होते. मी स्वतः हे वाक्य दोन स्मरणिकांत लिहिलं आहे आणि दोन्ही वेळा लोकांनी दाद दिली. आता ते खटकतं. इतकी देखणी अदलाबदल मांडली की वाटतं, हा नियतीचा खेळ. खेळ कसला, कारकुनी. कोणीतरी निर्णय घेतला, कारण लिहिलं, सही केली. नियती म्हटलं की कारण विचारायची गरज उरत नाही, आणि आपल्याला तेच सोयीचं असतं.

सोयीचं अशासाठी की त्या निर्णयात आपला हात होता. मंडालेवर गेलेल्या फौजेत निम्म्याहून जास्त शिपाई हिंदी होते. इथे मात्र घोष कसर सोडत नाहीत. राजकुमारला शहरात शिरणाऱ्या फौजेत आपल्यासारखे चेहरे दिसतात, आणि साया जॉन हे पात्र त्याला समजावतं की ही माणसं वैर म्हणून लढत नाहीत, पगारासाठी, दुसऱ्याच्या हुकमाने लढतात. कादंबरीच्या उत्तरार्धात मलायाच्या जंगलात अर्जुन नावाच्या अधिकाऱ्याला आपण कुणासाठी लढतोय हा प्रश्न छळतो तो इथूनच निघालेला आहे. आणि राष्ट्रसभा? तिचं पहिलं अधिवेशन मुंबईत डिसेंबर १८८५ च्या अखेरीस भरलं, तेव्हा थिबाला पकडून महिना झाला होता. तिथे उत्तर बर्मा खालसा करण्याविरुद्ध ठराव झाला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण ठरावाचा उरलेला भाग असा, की खालसा करणारच असाल तर बर्मा हिंदुस्थानच्या कारभारापासून वेगळा ठेवा. खर्च आपल्यावर पडू नये ही काळजी त्यामागे होती. ती काळजी रास्त होती. फक्त त्यात बर्मी माणूस कुठेच नाही.

गटातल्या शिक्षिकांनी मला इथे अडवलं होतं. म्हणाल्या, "मग गोव्याचं काय म्हणशील? तिथेही अंजदीवच्या गोळीबाराचं कारण पुढे केलंच होतं." बरोबर आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी गोळीबार केला, एक मच्छीमार मेला, आणि डिसेंबरात आपलं सैन्य गेलं. गोवा सुटायलाच हवा होता, यात मला शंका नाही. पण तो सुटायला हवा होता कारण तो पोर्तुगालची वसाहत होता आणि तिथल्या लोकांनी त्यासाठी तुरुंग भोगले होते. पोर्तुगाल भारताला धोका होता म्हणून नव्हे. खरं कारण चांगलं असतानाही सरकारांना धोक्याचं कारण पुढे करावंसं वाटतं. कारण न्यायाच्या कारणावर वाद होतो, धोक्याच्या कारणावर होत नाही.

युक्रेनवर मी तज्ज्ञ नाही. पण सयामची पट्टी तिथे लावून पाहिली. फिनलंडची रशियाशी १३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे, सेंट पीटर्सबर्गपासून ती जवळ आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला. नाटो दाराशी येणं हेच असह्य असेल तर ती त्या दिवशी खरोखर दाराशी आली. मॉस्कोने निषेध केला, इशारे दिले. फिनलंडवर सैन्य गेलं नाही. हे मी गटात मांडलं तेव्हा सुभेदार म्हणाले, "तोवर त्यांचं सैन्य दुसरीकडे अडकलेलं होतं." तेही नाकारता येत नाही. पण ज्याला दाराचीच भीती आहे तो एक दार उघडं टाकून दुसऱ्या घरात किती वर्षं अडकून राहील, असं मी विचारलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्याआधी मुंबईचे पाहुणे आले होते, त्यांना घेऊन मी थिबा पॅलेसला गेलो. सुभेदारही सोबत होते. वाडा आता संग्रहालय आहे. अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन आत येतं, पाहुणे तिथे फोटो काढतात, मग थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी बघतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले, हेही मी सांगितलं. पाहुण्यांतल्या एका लहान मुलीने विचारलं, "राजाला पकडलं कशासाठी?" मी तोंड उघडलं आणि काय सांगावं ते सुचेना. तिला आंद्रेइनो कसा सांगणार?

उत्तर सुभेदारांनीही दिलं नाही. परतताना मात्र रिक्षात म्हणाले, की त्यांच्या पलटणीच्या मानचिन्हांच्या यादीत एक ओळ होती, 'बर्मा १८८५-८७'. मेसच्या भिंतीवर फलक होता. वीस-बावीस वर्षं येता-जाता पाहिला. तो पुसायचं कामही काही काळ त्यांच्याकडे होतं.

"कुणाशी लढलो ते कधी विचारलंच नाही," ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला मारुती मंदिराला थांबव म्हणून सांगितलं.